रेड वाइनचा डाग: आधी टिपा, मग रंगाचं बघा

काळं द्राक्ष सोलून बघा. साल निघाली की आतला गर हिरवट-पांढरा, जवळजवळ बिनरंगी असतो. मोजक्या जाती सोडल्या तर सगळ्या काळ्या द्राक्षांची हीच गोष्ट. म्हणून तर फ्रान्सच्या शँपेन भागात पिनो न्वार या काळ्या द्राक्षापासून फिकट सोनेरी वाइन होते: हलक्या हाताने रस काढायचा आणि साल लगेच बाजूला करायची. रेड वाइनला याच्या उलट. तिथे साल, बिया आणि रस एकत्र आंबवतात, काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करत जातं आणि पाणी, अल्कोहोल व आम्ल यांचं हे मिश्रण सालीतला रंग ओढून घेतं. गालिच्यावर किंवा पांढऱ्या सदऱ्यावर सांडतो तो हाच सालीचा रंग. तो पाण्यात विरघळतो, आम्लात खुलतो आणि हवेत पक्का होतो. डाग काढण्याची सगळी विद्या या तीन गोष्टींत आहे.

मराठी घरांना हा विषय आता परका राहिलेला नाही. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला वाइनचा मोठा कारखाना उभा केला. पुढे नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी सुला सुरू केली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेसाठी वेगळं धोरण आणलं आणि नाशिकच्या द्राक्षबागांच्या पट्ट्यात वायनरी वाढत गेल्या. गोव्यात गोड पोर्ट वाइन घरोघरी चालते. परदेशी गेलेल्या मुलांना भाड्याच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट मिळतं, आणि घर सोडताना एका डागासाठी अनामत रकमेतून पैसे कापले जातात. पण ज्यांच्या घरात वाइनचा थेंबही येत नाही त्यांनीही हे वाचावं. जांभूळ, करवंद, कोकम आणि डाळिंब यांच्या डागांचा रंग याच कुळातला आहे. जे वाइनला लागू, ते बऱ्याच अंशी त्यांनाही लागू.

या कुळाचं नाव अँथोसायनिन. जास्वंदीच्या पाकळ्या, लाल कोबी, वांग्याची साल, सगळीकडे याच कुळातली रंगद्रव्यं आहेत. वाइनच्या द्राक्षांत त्यांतलं मुख्य म्हणजे मालविडिन, साखरेच्या एका रेणूला जोडलेलं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलश्टेटर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही रंगद्रव्यं शुद्ध करून दाखवली. लाल गुलाब आणि निळं कॉर्नफ्लॉवर यांच्या पाकळ्यांत मुळात एकच रंगद्रव्य आहे, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. वनस्पतींतल्या रंगद्रव्यांवरच्या संशोधनासाठी त्यांना 1915 चं नोबेल मिळालं. या विद्येचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. मँचेस्टरला रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले कृष्णस्वामी वेंकटरामन हे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे (यूडीसीटी) आणि पुढे 1957 पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. अँथोसायनिनची सख्खी भावंडं म्हणजे फ्लेवोन. ती प्रयोगशाळेत बनवण्याच्या वाटेवरची एक महत्त्वाची रासायनिक पायरी आजही जगभर बेकर-वेंकटरामन या नावाने शिकवली जाते. रंगांचं रसायन हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय होता.

शाळेत जास्वंदीच्या पाकळ्यांचा दर्शक अनेकांनी केला असेल. लिंबू पिळलं की पाणी लालबुंद होतं आणि सोडा टाकला की निळं-हिरवं. डागातही नेमकं हेच घडतं. वाइन चांगलीच आम्ल असते, तिचा पीएच साधारण 3.3 ते 3.8 असतो, म्हणून ती लाल दिसते. तिच्यावर खायचा सोडा किंवा कपड्याचा साबण पडला की आम्ल मारलं जातं आणि डाग निळा-करडा होतो. बघणाऱ्याला वाटतं, आता कापड कायमचं गेलं. मग घाबरून कोणी व्हिनेगर ओततं, तो पुन्हा लाल होतो आणि ही धावपळ चालूच राहते. या सगळ्यात रंगाचा रेणू जिथल्या तिथे असतो, फक्त त्याचं रूप बदलतं. निळं दिसलं म्हणून हात आखडू नका आणि फिकट दिसलं म्हणून काम संपलं असंही धरू नका.

वाइनमध्ये दुसरी गोष्ट असते टॅनिन. सालीतून, बियांतून आणि काही वेळा लाकडी पिंपातून ते येतं. रेड वाइनचा घोट घेतल्यावर तोंड कोरडं, तुरट होतं, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं. आता लोकर आणि रेशीम हीसुद्धा प्रथिनंच आहेत. म्हणून लोकरी गालिच्यावरचा डाग सुती चादरीवरच्या डागापेक्षा हट्टी निघतो. कापूस म्हणजे सेल्युलोज. तो पाणी भराभर पितो, त्यामुळे डाग खोल जातो, पण प्रथिनांइतकी घट्ट पकड तिथे नसते. नायलॉनचा स्वभाव या बाबतीत लोकरीजवळ जातो, आम्लातले रंग तो आवडीने घेतो. पॉलिएस्टरला पाण्याचंच वावडं, म्हणून त्याच्यावरची वाइन बरेचदा साध्या साबणाने निघून जाते.

तिसरी गोष्ट वेळ. बाटलीतली रेड वाइन वर्षानुवर्षं ठेवली की जांभळट लाल रंगाची ती विटकरी होते, कारण रंगद्रव्य आणि टॅनिन एकमेकांना जोडून मोठे, पक्के रेणू तयार होतात. कापडावर वाइनचा पातळ थर पसरलेला असतो आणि त्याला चारी बाजूंनी हवा लागते. त्यामुळे बाटलीत जे सावकाश घडतं ते इथे फार लवकर उरकतं. पहिल्या दहा मिनिटांची किंमत पुढच्या दहा दिवसांपेक्षा जास्त आहे, ती यासाठी.

डाग काढताना कामं दोन असतात आणि ती वेगवेगळी आहेत. पहिलं, अजून ओली असलेली वाइन कापडातून बाहेर काढायची. दुसरं, जो रंग धाग्याला धरून बसला तो मारायचा. बहुतेक घरगुती उपाय या दोहोंची गल्लत करतात, म्हणून ते एकदा चालतात आणि पुढच्या वेळी फसतात.

पहिल्या कामाला कोणतंही औषध लागत नाही. लागतो तो पांढरा, सुती, पाणी पिणारा कपडा. जुना पंचा किंवा विटलेलं धोतर उत्तम, नाहीतर पांढरे टिश्यू. रंगीत नॅपकिन नको, त्याचाच रंग गालिच्याला लागेल. वाइनचं तळं साचलं असेल तर ती आधी चमच्याने कडेकडून मधे ओढून उचला. मग कपडा दाबून धरा आणि उचला, नवी कोरी बाजू पुन्हा दाबा. बाहेरच्या कडेकडून आत या. मधून सुरुवात केली की डाग पसरतो. चोळू नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमी आहे. चोळल्याने रंग धाग्याच्या पिळात शिरतो, लव फुटते आणि मग रंग गेला तरी तेवढी जागा केसाळ, निस्तेज दिसत राहते. ते नुकसान कोणत्याही द्रावणाने भरून येत नाही.

टिपून काही येईनासं झालं की थोडं थंड पाणी शिंपडा आणि पुन्हा टिपा. असं चार-पाच वेळा करा. ताज्या डागातला बराचसा भाग नुसत्या पाण्याने जातो, कारण अँथोसायनिन मुळात पाण्यात विरघळणारं आहे. सोडा वॉटर ओतल्याने डाग गेल्याचं लोक सांगतात ते खोटं नाही, पण श्रेय त्यातल्या पाण्याचं आणि टिपणाऱ्या हाताचं. कपड्याला तर नळाखाली धरावं, डागाच्या उलट बाजूने धार पडेल असं, म्हणजे रंग आल्या वाटेने बाहेर जातो.

गालिच्याला मात्र पाणी बेताने. वर दिसतो तेवढाच डाग नसतो. वाइन लवेतून खाली पाठीपर्यंत उतरलेली असते. वरचा भाग स्वच्छ झाला म्हणून आपण निर्धास्त होतो आणि सकाळी डाग पुन्हा हजर असतो. रात्रभर पाणी वरच्या टोकाकडून वाळत जातं आणि वाळताना खालचा रंग धाग्यांमधून वर ओढून आणतं. यावर उपाय सोपा आहे. काम झालं की त्या जागेवर कोरड्या पांढऱ्या कपड्याची जाड घडी ठेवा, वर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर दोन-चार जाड पुस्तकं. वर येणारं पाणी मग घडीत शिरतं आणि रंगही तिथेच थांबतो. गालिच्याची पाठ ज्यूटची असेल तर आणखी जपायला हवं. फार भिजलेलं ज्यूट स्वतःचा तपकिरी रंग सोडतं आणि तो वाइनच्या जागी येऊन बसतो. भदोहीचा किंवा काश्मीरचा हातविणीचा गालिचा असेल तर आधी एका कोपऱ्यात ओला पांढरा कपडा मिनिटभर दाबून ठेवा. कपड्याला गालिच्याचा रंग लागला तर घरगुती प्रयोग तिथेच थांबवा.

आता दुसरं काम. हा रंग मारायचे दोन मार्ग आहेत. एक ऑक्सिजन देऊन, दुसरा गंधकाच्या संयुगाने.

ऑक्सिजनचा मार्ग म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. लुई जाक तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1818 मध्ये ते पहिल्यांदा तयार केलं. आज ते औषधाच्या दुकानात जखमा धुण्यासाठी मिळतं. अँथोसायनिनला रंग येतो तो त्याच्या रेणूतल्या एकाआड एक दुहेरी बंधांच्या साखळीमुळे. पेरॉक्साइड ही साखळी तोडतं. साखळी तुटली की रेणू असला तरी रंग उरत नाही, आणि पेरॉक्साइडचं स्वतःचं शेवटी पाणीच होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वाइनशास्त्र विभागात घरगुती उपायांची तुलना झाली तेव्हा पेरॉक्साइड आणि भांडी घासायचं लिक्विड यांचं निम्मं-निम्मं मिश्रण सरस ठरलं. मलाही हाच उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो. यात साबणाचं काम धागा नीट भिजवण्याचं आणि सुटलेला रंग उचलून धरण्याचं, तर पेरॉक्साइडचं काम रंग मारण्याचं.

यासाठी 3 टक्के पेरॉक्साइड पुरतं. आपल्याकडच्या बाटलीवर बरेचदा 6 टक्के किंवा 20 व्हॉल्यूम असं छापलेलं असतं. ते समभाग पाणी घालून पातळ करून घ्या. मिश्रण डागावर लावा, अर्धा तास राहू द्या, टिपा, थंड पाण्याने साबण काढा आणि गरज पडली तर पुन्हा लावा. मिश्रण लावायच्या वेळीच करायचं, करून बाटलीत भरून ठेवायचं नाही. पेरॉक्साइड उजेडात विघटित होतं, म्हणून ते मिळतंच गडद बाटलीत. वर्षभर उघडी पडलेली बाटली बहुधा नुसतं पाणी झालेली असते. पांढऱ्या सुती कापडावर हा उपाय निर्धास्त करावा. रंगीत कापडावर आतल्या शिवणीत एक थेंब लावून, थोडं थांबून, मगच करावा. पेरॉक्साइडला वाइनचा रंग आणि कापडाचा रंग यांत फरक कळत नाही.

पांढऱ्या चादरी, टेबलक्लॉथ, सुती सदरे यांच्यासाठी ऑक्सिजन ब्लीचची पावडर चांगली. व्हॅनिशसारख्या नावांनी ती किराणा दुकानातही मिळते. तिच्यात सोडियम परकार्बोनेट असतं. पाण्यात पडलं की त्यातून पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. कोमट, 40 अंशांच्या वरच्या पाण्यात ती नीट काम करते. थंड पाण्यात भिजवून काही झालं नाही अशी तक्रार येते तिचं कारण बहुधा हेच. मात्र सोड्यामुळे ते पाणी अल्कली असतं, आणि लोकर व रेशीम यांना अल्कली सोसत नाही. या दोन कापडांना ही पावडर अजिबात नको.

क्लोरीनचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्याहूनही घातक. लोकर त्यात अक्षरशः विरघळते. लोकर ओळखण्याच्या चाचण्यांत याचाच उपयोग करतात. गालिच्यावर फरशी पुसायचं ब्लीच ओतणं म्हणजे डागाच्या जागी भोक मागून घेणं.

दुसरा मार्ग गंधकाचा, आणि तो महाराष्ट्राला चांगलाच ओळखीचा आहे. घरी सरबतं, स्क्वॅश करणाऱ्यांना केएमएस माहीत असतं. त्याचं पूर्ण नाव पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. लिंबाच्या, आंब्याच्या स्क्वॅशमध्ये ते चिमूटभर घालतात. पण फळप्रक्रियेच्या वर्गात पहिल्यांदाच बजावून सांगतात की जांभूळ, कोकम, डाळिंब यांच्या रसात केएमएस घालू नका, सोडियम बेंझोएट घाला, नाहीतर रंग उडेल. केएमएसमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि अँथोसायनिनच्या रेणूवर एका नेमक्या जागी जाऊन बसतो, की रंग गेलाच. नाशिकच्या निर्यातदार बागायतदारांनाही ही गोष्ट पाठ आहे. द्राक्षाच्या पेटीत बुरशी लागू नये म्हणून सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागदी पॅड ठेवतात. त्याचं प्रमाण जास्त झालं की काळ्या-लाल मण्याचा रंग देठापाशी उडून तिथे पांढरट चट्टा पडतो. साखर कारखान्यांत उसाचा रस उजळायला हाच वायू वापरतात. आणि दोन हजार वर्षांपूर्वी रोमन परीट वेताच्या पिंजऱ्यावर लोकरी कापड पसरून खाली गंधक जाळायचे, तेही पांढरेपणासाठीच.

स्क्वॅशमध्ये जो दोष, तो डागावर गुण. कपभर पाण्यात पाव चमचा केएमएस विरघळवून ते डागावर टिपत लावलं की ताजा लाल रंग डोळ्यांदेखत फिका पडतो. लोकर आणि रेशीम यांना हा मार्ग सोड्यापेक्षा पुष्कळ सौम्य आहे. यात तीन गोष्टी सांभाळायच्या. त्याचा वास उग्र असतो आणि दमेकऱ्यांना तो बाधतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि घरात कोणाला दमा असेल तर हे काम करूच नका. दुसरं, याने रंग मोडत नाही, दबतो. आम्ल लागलं तर परतही येतो. तेव्हा नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि व्हिनेगर जवळ आणू नका. तिसरं, जरीला याचा स्पर्श नको. गंधकाच्या संयुगांनी चांदी-तांबं काळवंडतं. केएमएस आणि पेरॉक्साइड एका डागावर एकत्र वापरण्यातही अर्थ नाही, दोघं एकमेकांनाच संपवून टाकतात. एकाने भागलं नाही तर धुऊन घ्या आणि मग दुसऱ्याकडे वळा.

आता परंपरेने चालत आलेल्या काही उपायांविषयी. रेड वाइनच्या डागावर व्हाइट वाइन ओतावी, हा सल्ला जगभर दिला जातो. त्याने डाग पातळ होतो, पण तेवढं काम पाणीही करतं. शिवाय व्हाइट वाइनही आम्लच, म्हणजे लाल रंगाला ती मानवतेच. वाइन वाया घालवायचं काही कारण नाही. मिठाचा ढीग ओल्या टेबलक्लॉथवर उपयोगी आहे. तो वाइन शोषतो आणि पसरू देत नाही. पण गालिच्याच्या लवेत शिरलेलं मीठ काढणं जिकिरीचं असतं आणि ते पुढे दमट हवेत पाणी धरत राहतं. दूध लावण्यामागे मात्र थोडा अर्थ आहे. दुधातली प्रथिनं टॅनिनला धरतात, दुधाच्या चहाचा तुरटपणा कमी लागतो तो त्यामुळेच. सुती कपडा दुधात बुडवून नंतर लगेच धुणार असाल तर हरकत नाही. गालिच्यावर ओतलेलं दूध दोन दिवसांत नासून घरभर वास सुटेल.

युरोपातल्या जुन्या घरांतला एक उपाय मला मनापासून आवडतो. सुती किंवा लिननचा टेबलक्लॉथ एका खोल वाडग्यावर ताणून बांधायचा आणि हातभर उंचीवरून उकळतं पाणी डागावर धरायचं. डाग ताजा असेल तर तो समोर वाहून जातो. कडक पाण्यात रंग जास्त विरघळतो आणि वरून पडणारी धार त्याला धाग्यातून खाली ढकलते. मग उष्णतेने डाग पक्का होतो असं म्हणतात ते काय? पक्का होतो तो कोरड्या उष्णतेने: इस्त्री, हेअर ड्रायर, कपडे वाळवायचं यंत्र. तिथे रंग बाहेर जायला वाट नसते आणि तो जागच्या जागी भाजला जातो. उकळत्या पाण्याच्या उपायात रंग पाण्याबरोबर निघून जातो. लोकर, रेशीम आणि गालिचा यांच्यावर मात्र हा प्रयोग नको. डाग पूर्ण गेल्याची दिवसाउजेडी खात्री झाल्याशिवाय कोणत्याही कापडावर इस्त्री फिरवू नका.

एक गोष्ट घाईघाईत घडते आणि ती जिवावर बेतू शकते. एक औषध चाललं नाही म्हणून त्यावर दुसरं, मग तिसरं ओततात. क्लोरीन ब्लीचवर व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचवर अमोनियाचं द्रावण पडलं की क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात. पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकत्र केलं तर पेरॲसेटिक आम्ल होतं, जे त्वचेला आणि डोळ्यांना पोळतं. एका वेळी एकच द्रावण, आणि दोन द्रावणांच्या मधे भरपूर पाणी, हा नियम कधीही मोडू नका.

गोव्याच्या गोड पोर्टचा डाग लाल रंग गेल्यावरही संपत नाही. तिच्यातली साखर कापडात राहून जाते. दिसत काहीच नाही, पण पुढे इस्त्री लागली की त्या जागी पिवळा-तपकिरी चट्टा उमटतो. गालिच्यात ती चिकट राहते आणि पायांची धूळ धरून महिन्याभरात काळी होते. कोकम सरबत, डाळिंबाचा गोड रस यांचंही तसंच. म्हणून पोर्ट सांडली असेल तर रंग गेल्यावर कोमट पाण्याने आणखी दोनदा टिपून घ्या. जांभूळ-कोकमाला वाइनचेच उपाय चालतात, पण हळदीला ते लावू नका. हळदीचा रंग वेगळा, कर्क्युमिनचा. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, साबणाने लाल होतो आणि उन्हात उडतो. तिथे खरा उपाय साबण आणि कडक ऊन हाच.

डाग दुसऱ्या दिवशी लक्षात आला, तर आशा सोडायची गरज नाही, पण धीर हवा. वाळलेला डाग आधी थंड पाणी आणि थोडं लिक्विड यांनी पाऊण-एक तास ओला ठेवा, टिपा, मग पेरॉक्साइडचं मिश्रण. पहिल्या फेरीत तो निम्माच जाईल. फेऱ्यांमधे कापड पूर्ण वाळू द्या, कारण ओलेपणी डाग किती उरला ते कळत नाही. सुती पांढरं कापड परकार्बोनेटच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवलं तर जुना डागही बहुतेक निघतो. जुन्या लोकरी गालिच्यावर थोडी सावली उरली तर ती राहू द्यावी. ती घालवण्याच्या हट्टात गालिच्याचा मूळ रंग गेला तर चांगल्या कारागिरालाही तो परत आणता येत नाही.

डाग पडूच नये अशी सोय माणसाने केली आहे, तिचीही एक बाजू बघायला हवी. अमेरिकेतल्या 3एम कंपनीच्या प्रयोगशाळेत 1953 मध्ये फ्लोरिनयुक्त द्रव एका सहायिकेच्या कापडी बुटावर सांडला. तो धुतला जाईना आणि त्या जागेवर पाणी-तेलही ठरेना. पॅट्सी शर्मन आणि सॅम स्मिथ यांनी त्यातून कापडावर फवारायचा स्कॉचगार्ड तयार केला आणि 1956 मध्ये तो बाजारात आला. अशा थरावर सांडलेली वाइन मण्यांसारखी वर उभी राहते, टिपायला वेळ मिळतो. पण त्यातलं मूळ रसायन निसर्गात मोडत नाही आणि माणसांच्या रक्तातही साचतं, हे स्पष्ट झाल्यावर कंपनीनेच 2000 मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. आजचे फवारे वेगळ्या घटकांचे असतात. तरी मुलं जिथे लोळतात, खेळतात त्या गालिच्यावर असला थर मी देणार नाही. हाताशी पंचा असला की भागतं.

पैठणी, जुनी जरीची शाल, आजीच्या काळचा रेशमी शेला यांच्यावर वाइन सांडली तर फक्त कोरड्या कपड्याने टिपा आणि थांबा. पाणीही नको. रेशमावर पाण्याची रेघ उमटते आणि जुने रंग एकमेकांत उतरतात. तो कपडा त्याच दिवशी चांगल्या ड्रायक्लीनरकडे न्या. पण एक लक्षात घ्या. ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक वापरतात, तो तूप-तेलाचे डाग उत्तम काढतो, मात्र वाइन पाण्यातली वस्तू, तिला तो सोडवू शकत नाही. वाइनचा डाग कारागिराला कपडा यंत्रात घालण्याआधी वेगळा, हाताने काढावा लागतो. त्याला हे माहीतच नसेल, तर कपडा सरळ यंत्रात आणि तिथून गरम हवेत जातो. कपडा देताना डाग कशाचा आहे, कधी पडला आणि तुम्ही त्यावर काय लावलं आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून डागाशेजारी टाचणीने लावून द्या.